सायकलसकट

फ्रान्समधली सायकल शर्यत मी जिंकली, तेव्हा मी अजून आइंडहोव्हनमध्ये घरीच होतो. शिवाय शर्यतही नव्हती.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर झालेलं नाही. त्यामुळे माझ्या बाबतीत काय साजरं करायचं आणि काय सोडून द्यायचं, याचा घरच्यांना अंदाज नाही. त्यात माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, मित्राचं फ्लेक्स छापायचं दुकान. मला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, आमच्या गावच्या, करमाळ्याच्या चौकात फ्लेक्स! नेदरलँड्सचा व्हिसा मिळाला, फ्लेक्स! इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चौथ्या खेपेला पास झालो, त्याचाही फ्लेक्स! (त्यावर 'अथक परिश्रमाने' असं लिहिलं होतं, आणि ते खरं होतं.) मला याचा राग येत नाही. त्या चौकातल्या माणसांनी मला शिकताना सांभाळून घेतलंय. त्यांना माझ्याबद्दल आनंद झाला, तर मी कोण अडवणार?

तर झालं असं, की ऑफिसातल्या विमने मला सायकलच्या सहलीला बोलावलं. विम पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. अंगाने उदबत्तीएवढा, आणि दर उन्हाळ्यात फ्रान्समधल्या आर्देनच्या जंगलात डोंगर चढायला जातो. "तू रोज सायकलनेच ऑफिसला येतोस, तुला जमेल," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत, ही गोष्ट तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. माझ्या वाटेवरचा सर्वांत मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. (वारा समोरून असेल, तर तोही मी उतरून चढतो.)

रविवारच्या फोनवर मी आईला एवढंच म्हणालो, की पुढच्या रविवारी फ्रान्सला जाऊन सायकलवर डोंगर चढणार आहे. आईने ते दादाला सांगितलं. दादाने ते मित्राला सांगितलं. शुक्रवारी व्हॉट्सॲपवर फ्लेक्सचा फोटो आला.

फ्लेक्सवर पिवळ्या बनियनमधल्या एका पिळदार गोऱ्या माणसाच्या धडावर माझं लग्नातलं डोकं चिकटवलं होतं. मुंडावळ्यांसकट! खाली मजकूर: 'फ्रान्स येथील आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धेत विजयी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, प्रत्येकाचा माझ्यापेक्षा मोठा.

मी लगेच फोन लावला.

"दादा, अरे, शर्यत नाहीये ही!"

"मग कशाला चाललायस?"

"सायकल चालवायला."

"एवढ्या लांब? तुझ्या दारात रस्ता न्हाई व्हय?"

"आणि विजयी काय लिहिलंस? मी अजून निघालोसुद्धा नाही!"

"आरं, नंतर बदलायचं म्हणजे परत छापायला लागतंय. अन् तू काय हारणार हायस का? आजवर कधी नापास झालास?"

(चौथ्या खेपेचा फ्लेक्स त्यानेच लावला होता. पण ते असो.)

"बरं ऐक," दादा म्हणाला, "रविवारी पाचला चौकात आईचा सत्कार ठिवलाय. वीरमाता म्हणून."

"वीरमाता? दादा, वीरमाता वेगळ्या असतात!"

"बरं, क्रीडामाता म्हणू. शाल आणलीय, हलगी सांगितलीय, पडदा लावलाय. तू डोंगराच्या टोकावरनं व्हिडिओ कॉल करायचा. सायकलवर बसलेला दिसला पाहिजेस. आईला मान खाली घालायला लावू नकोस."

या शेवटच्या वाक्यावर इलाज नव्हता. करमाळ्यात पाच म्हणजे आमचा दीड. रविवारी दुपारी दीड वाजता, सायकलवर, टोकावर! दहावीच्या परीक्षेनंतर इतकं स्पष्ट ध्येय माझ्यापुढे कधीच नव्हतं.

शनिवारी आम्ही फ्रान्सला पोहोचलो. मी, बायको वैशाली आणि अकरा वर्षांची ओवी. जंगलाच्या कडेला विमने एक शेतघर भाड्याने घेतलं होतं. सभोवार उंच झाडं, गाई आणि शांतता. रविवारी सकाळी वैशालीने शिरा केला. मोठ्या कामाला निघताना तोंड गोड करून जावं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. तोंड गोड करायला एक चमचा पुरतो. मला तिने दोन वाट्या वाढल्या, वर तूप सोडलं आणि शेवटी हातावर दही दिलं.

"अगं, डोंगर चढायचाय."

"म्हणूनच म्हणते, रिकाम्या पोटी चढू नका."

विमनेही दोन वाट्या शिरा खाल्ला. त्याच्या अंगात तो कुठे गेला, कळलं नाही. माझ्या अंगात तो कुठे आहे, हे मला दिवसभर कळत होतं.

मग विमने त्याची जुनी सायकल आणि बूट दिले. या बुटांच्या तळाला एक खिट्टी असते. ती पेडलमध्ये टक्कन बसते, आणि मग पाय व सायकल एकजीव होतात. सुटायचं असेल तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. "थांबायच्या आधी फिरवायची," विमने बजावलं. मी मान डोलावली. अंगणात तीनदा करूनही दाखवलं. तोंडी परीक्षेत मी नेहमीच चांगला असतो.

सुरुवातीची पाच मिनिटं मी उत्तम चढलो. पुढे रस्ता वळला आणि उभा राहिला. माझं हृदय कानात वाजायला लागलं. विम समोरच्या वळणावर दिसेनासा झाला. थोड्या वेळाने तो वरून खाली येताना दिसला.

"सगळं ठीक?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. (एवढाच श्वास शिल्लक होता.)

"छान!" म्हणून तो पुन्हा वर गेला. थोड्या वेळाने पुन्हा विचारायला खाली आला. मी तो डोंगर एकदा चढायचा प्रयत्न करत होतो, तेवढ्यात त्या माणसाने माझी चौकशी म्हणून तो दोनदा चढून संपवला!

मागून आमची गाडी गोगलगायीसारखी येत होती. वैशालीने काच खाली केली.

"अहो, बसा गाडीत. टोकाच्या अलीकडे सोडते, तिथून सायकलवर बसा. कुणाला कळणार आहे?"

"नाही! आईचा सत्कार आहे."

"सत्कार आईंचा आहे ना? त्या गाडीनेच आल्या असतील चौकात."

मागच्या सीटवरून ओवी शांतपणे म्हणाली, "बाबा, यू आर गोइंग बॅकवर्ड्स."

मी खाली पाहिलं. ती बरोबर होती.

आता मी थांबायचं ठरवलं, आणि थांबलो. टाच फिरवायची आठवण थांबल्यानंतर झाली. एक क्षण मी आणि सायकल दोघंही जागच्या जागी उभे होतो, फोटो काढण्यासारखे. मग हळूहळू, एखादं जुनं झाड पडावं तसे, आम्ही उजवीकडे कलंडलो. रस्त्याकडेच्या दाट नेच्यांमध्ये मी आडवा, पाय पेडलमध्ये, सायकल माझ्या अंगावर. लागलं काहीच नाही. फक्त उठता येईना.

आणि खिशातला फोन वाजला. जंगलात रेंज नव्हती. पण दादाच्या फोनला कुठलंही जंगल अडवत नाही. अजून दीड वाजायचा होता, पण पाहुणे लवकर आले होते! मी फोन तसाच धरला. पडद्यावर चौक, हलगी, माणसंच माणसं, आणि मध्ये खुर्चीत शाल पांघरलेली आई. त्यांच्या मोठ्या पडद्यावर मी: नाकात नेच्याचं पान, डोक्यावर हँडल.

"पोचलास का?" दादा माइकवरून ओरडला.

खोटं बोलायला जागाही नव्हती आणि दमही नव्हता.

"नाही दादा. पडलोय."

हलगी थांबली. तेवढ्यात विम तिसऱ्यांदा खाली आला, वाकला, फोन पाहून त्याला आनंद झाला आणि त्याने करमाळ्याला हात केला. दादाने क्षणाचीही उसंत न घेता माइकवर सांगितलं, "स्पर्धेचे अध्यक्ष स्वतः खेळाडूच्या भेटीला आलेले आहेत!" टाळ्यांचा कडकडाट!

आईने मात्र दादाकडून माइक काढून घेतला. मी घाईने नाकातलं पान काढलं.

"ह्याला बारावीपस्तोर सायकल येत नव्हती," आई साऱ्या चौकाला म्हणाली. "भाऊ शिकवायचा, तर सायकल एकीकडं अन् हा एकीकडं पडायचा. सायकल सोडून पळायचा त्यो. आज बघा, दोघं मिळून पडल्यात. न्हाई सोडली त्यानं. लई सुधारला."

अख्खा चौक टाळ्या वाजवत होता. आईची मान ताठ होती. एवढी ताठ, की शाल घसरली. मी न सोडण्यामागे खिट्टी आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि रेंज गेली.

विमने माझे पाय सोडवले. उरलेला डोंगर मी सायकल हातात धरून, खटखट बूट वाजवत चढलो. टोकावर पोहोचलो तेव्हा करमाळ्यातल्या खुर्च्यासुद्धा उचलून झाल्या होत्या.

परवा आईला फोन केला, तेव्हा फ्लेक्सचं काय झालं ते विचारलं. पावसाळ्यात गोठा गळत होता म्हणून दादाने तो पत्र्यावर अंथरलाय आणि वर चार विटा ठेवल्यात. म्हैस कोरडी राहते.

म्हणजे मी शेवटी चढलो वर. पण तिथंही आडवाच पडून आहे.