रवी न खेळलेली फायनल

रवीचा मेसेज आला तेव्हा मी शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात नुकतेच थंड झालेले ओतकामाचे नग तपासत उभा होतो. ‘मॅडम गेल्या.’ एवढंच लिहिलं होतं. आमच्या जुन्या टीमच्या ग्रुपवर रवी माने सहसा काही लिहीत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा तो अंगठा दाखवून उरकतो. त्यामुळे ही बातमी सगळ्यांच्या आधी त्याच्याकडून यावी, याचं मला आश्चर्य वाटलं... बातमीचं तसं वाटलं नाही. चौगुले मॅडम वर्षभर आजारी होत्या. दिवाळीनंतर भेटायला गेलो तेव्हा त्यांना उशीला टेकूनही फार वेळ बसवत नव्हतं. मी ग्रुपवर हात जोडले, हातातलं काम संपवलं आणि साहेबांना सांगून मंगळवार पेठेकडे निघालो. या गोष्टीला आता दीड-दोन महिने होत आले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर एकाच वर्षाबद्दल लिहायला हवं, कारण मी त्यांना खऱ्या अर्थानं ओळखलं ते त्या एका वर्षात.

सुनंदा चौगुले आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या प्रमुख होत्या. माहेर शिरोळकडचं, शेतकरी जैन घरातलं. सासरचं मंगळवार पेठेत भांड्यांचं दुकान. उंची बेताची, आवाज मात्र असा की मैदानाच्या पलीकडच्या सायकल स्टँडवरचा माणूसही वळून बघायचा. मी शेवटच्या वर्षाला असताना आमचे बास्केटबॉलचे कोच दुसऱ्या गावी नोकरीला गेले आणि मुलांची टीमही मॅडमच बघणार असं ठरलं. ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ‘आता बाई शिकवणार व्हय आपल्याला?’ असं आमच्यातल्या एकानं मैदानावरच, पुरेशा मोठ्यानं विचारलं होतं. मॅडमनी ते ऐकलं. पुढचे पंधरा दिवस त्यांनी आम्हाला चेंडूला हात लावू दिला नाही. गुडघे वाकवून, हात पसरून, खेकड्यासारखं आडवं पळायचं, एवढंच. मांड्या भरून यायच्या. कुणी कुरकुरलं की त्या म्हणायच्या, “अडवायला शिका आधी. बास्केट कुणीबी टाकतंय.”

आमच्या गावात फुटबॉलचा सामना असला की पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात, कुस्तीचं तर विचारूच नका. बास्केटबॉलला मात्र आमचे आम्हीच प्रेक्षक. कॉलेजच्या मागे सिमेंटचं मैदान होतं, त्याला भेगा पडलेल्या, भेगांतून हरळी उगवलेली. पावसानं फुगलेल्या लाकडी बोर्डावर चेंडू आपटला की बद्द असा आवाज यायचा. संध्याकाळी सूर्य बुडायला आला की मॅडम पायरीवर बसून डबा उघडायच्या. सूर्यास्तानंतर त्या जेवत नसत. एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातानं आम्हाला जागा दाखवणं चालू. तोंडात घास असताना शिट्टी वाजवता येत नाही, म्हणून त्या तेवढा वेळ टाळ्या वाजवायच्या, म्हणजे डब्याच्या झाकणावर हात मारायच्या. आम्हाला त्या आवाजाचीही सवय झाली होती.

रवी त्यांना मैदानावर सापडला नाही, दारात सापडला. तो उचगावचा. घरी म्हशी होत्या, आणि रोज सकाळी सायकलला किटल्या लावून तो मंगळवार पेठेत दुधाचा रतीब घालायचा. मॅडमच्या घराला कंपाउंडची चांगली उंच भिंत होती. एके दिवशी दार लवकर उघडलं नाही म्हणून त्यानं भिंतीवरून आत हात घालून कट्ट्यावरच्या पातेल्यात दूध ओतलं, टाचासुद्धा न उचलता. मॅडम आतून बघत होत्या. “कुठल्या कॉलेजात हाईस रं?” त्यांनी विचारलं. “तुमच्याच की मॅडम,” रवी म्हणाला. दोन वर्षं तो आमच्या कॉलेजात होता आणि मैदानाकडे एकदाही फिरकला नव्हता; आता माझ्यासारखं त्याचंही शेवटचं वर्ष होतं. दुसऱ्या दिवशी तो आला, पायात रबरी चप्पल घालून.

महिन्याभरात रवीनं आमची टीम बदलून टाकली. नेम फार चांगला नव्हता त्याचा. पण रिंगवरून परत फिरलेला चेंडू हवेत असतानाच त्याला कळायचं तो कुठं येणार ते, आणि एकदा त्याच्या हातात चेंडू आला की कुणाला काढून घेता येत नसे. पहिला सामना आम्ही वाईट हरलो. त्यानंतर मात्र हरलो नाही. विभागाची स्पर्धा जिंकली, मग साताऱ्याला जाऊन विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेची सेमीफायनल जिंकली. परत येताना एसटीत मॅडम पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या आणि आम्ही मागे गाणी म्हणत होतो. फायनल आमच्याच मैदानावर होणार होती, सांगलीच्या टीमबरोबर. तिथूनच विद्यापीठाचा संघ निवडला जाणार होता. विद्यापीठाकडून खेळलं की नोकरीच्या भरतीत त्याचा उपयोग व्हायचा, आणि रवीला पोलिसात जायचं होतं. हे तो कुणाला सांगत नसे, मला एकदा सांगितलं होतं.

फायनल शनिवारी. मंगळवारी सराव चालू असताना रवी बोर्डाच्या खांबाला धरून उभा राहिला. मग हळूहळू खाली बसला, आणि आडवा झाला. डोळे उघडे होते पण बघत नव्हते. आम्ही पळत जाईपर्यंत तो उठूनही बसला, पाणी प्यायला आणि हसायला लागला. “उपाशी आलतो मॅडम. काय न्हाई.” मॅडम हसल्या नाहीत. त्याच पावली रिक्षात घालून त्याला जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, मी बरोबर होतो. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. म्हणाले, ठोक्यात कुठंतरी वेगळा आवाज वाटतोय, बहुतेक काही नसेल, पण हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. ती करणारे मोठे डॉक्टर परगावी गेलेले. ते सोमवारी येणार होते. “तोपर्यंत खेळू दे का?” मॅडमनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “मी काय सांगू? तो दिसतोय तर धडधाकट.”

रिक्षात परत येताना मॅडमनी सांगून टाकलं, “शनिवारी तू खेळणार न्हाईस.” रवीला वाटलं, त्या घाबरल्यात, उद्या निवळतील. आम्हालाही तसंच वाटलं.

त्या निवळल्या नाहीत. प्राचार्यांनी बोलावून समजावलं, पाहुणे येणार आहेत, पहिल्यांदा कॉलेज इथवर पोचलंय, मुलगा स्वतः खेळायला तयार आहे. मॅडम म्हणाल्या, “तो तयारच असणार सर. एकवीस वर्षांचा आहे.” शुक्रवारी रवीचे वडील मैदानावर आले. पांढरी टोपी, धोतर, दुधाचा वास असलेला उंच माणूस. आम्ही सराव थांबवून बघत राहिलो.

“मॅडम, पोरगं माझं हाय,” ते म्हणाले. “मी सांगतोय, खेळवा त्याला. काय झालं तर मी तुम्हाला बोलणार न्हाई.”

“तुम्ही बोलणार न्हाई हे खरं हाय दादा,” मॅडम म्हणाल्या. “पण उद्या त्याला मैदानात पाठवणार कोण, मीच की. त्याला काय झालंय ते मला ठाऊक न्हाई. ठाऊक नसताना मी त्याला पळवू शकत न्हाई.”

“आणि काय झालंच नसलं तर?”

“तर मी चुकले म्हणायचं.”

माने टोपी नीट करून निघून गेले.

शनिवारी, कधी नव्हे ती, मैदानाभोवती गर्दी होती. उचगावातून टेम्पो भरून पोरं आली होती. रवी टीमचा पोशाख घालून आला, पण आमच्यात बसला नाही. लांबच्या पायरीवर मैदानाकडे पाठ करून बसला. त्याच्या जागी मी खेळलो. मी त्याच्यापेक्षा चांगला वीतभर बुटका, तरी शेवटपर्यंत आम्ही बरोबरीत होतो, ते त्या खेकड्यासारख्या पळण्यामुळं. दुसऱ्या हाफमध्ये ओरडा सुरू झाला... “रव्याला उतरवा, रव्याला उतरवा.” मग मॅडमना उद्देशून आणखी काही, जे इथं लिहिण्यासारखं नाही. मॅडम दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. सूर्य बुडाला, डबा पिशवीतच राहिला. अगदी शेवटी आम्ही एका गुणानं मागे असताना आमच्या एकाचा चेंडू रिंगवर दोन वेळा फिरला आणि बाहेर पडला. तो खाली येताना मी उडी मारली, माझ्या बोटांच्या वर कुठंतरी सांगलीच्या पोराच्या हातात तो गेला. असा चेंडू रवीनं वर्षभरात कधी सोडला नव्हता. हे मैदानावर प्रत्येकाला कळलं. मॅडमनाही.

सोमवारी तपासणी झाली. संध्याकाळी आम्ही साहित्य आत ठेवत होतो तेव्हा रवी आला. सरळ मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

“काय न्हाई निघालं मॅडम. ठणठणीत हाय म्हणाले.”

मॅडमनी हातातला चेंडू खाली ठेवला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या.

“बरं काय झालं? वर्ष गेलं माझं.”

“व्हय,” मॅडम म्हणाल्या. “गेलं.”

पुढे त्या काही तरी बोलतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या उरलेले चेंडू जाळीत भरायला लागल्या. रवी वळला आणि गेला, आणि पुन्हा त्या मैदानावर आला नाही. विद्यापीठाच्या संघात आमच्यातले दोघे निवडले गेले, त्यातला एक मी. रवी असता तर मी नसतो, हे उघड होतं, आणि यावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. पोलिसाची भरती त्याला जमली नाही. खेळला असता तर जमलीच असती असंही नाही, पण त्याला तसं वाटायचं, आणि न वाटायला काही कारणही नव्हतं. तो दुधाच्या धंद्यात उतरला, चांगला चालवला. उचगावात आज त्याचं स्वतःचं संकलन केंद्र आहे, गाड्या आहेत. जुन्या टीमचं जेवण ठरलं की तो आधी विचारायचा, “बाई येणार हाईत?” त्या येणार असल्या की तो यायचा नाही.

मॅडमना हे ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी, त्या निवृत्त झाल्यावर, मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, “दूध रव्याकडचं हाय. एक दिवस बंद पडू दिलं न्हाई त्यानं. स्वतः मात्र दारात येत न्हाई.” मग मी विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल? त्यांनी कप खाली ठेवला. “तेच करीन. पण त्याचं वर्ष गेलं ते गेलं. राग सोड असं त्याला सांगायचा मला हक्क न्हाई, आणि तू पण सांगू नकोस.” मी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना त्याचा राग समजत होता, आणि तो समजतोय म्हणून आपला निर्णय बदलावा असं त्यांना वाटत नव्हतं. या दोन गोष्टी एका माणसात एकाच वेळी राहू शकतात, हे मला त्या वयात कळलं नसतं.

त्या गेल्याची बातमी रवीला सगळ्यात आधी कळली, कारण सकाळी दूध घालायला गेलेल्या त्याच्या माणसानं दारात गर्दी बघितली. मी पोचलो तेव्हा रवी पेठेतल्या त्या घराच्या भिंतीला टेकून उभा होता. अंगानं सुटलाय, केस पिकलेत. स्मशानापर्यंत त्यानं खांदा दिला. घरी जाताना मी त्याला गाडीवरून सोडलं, तेव्हा वाटेत तो बोलला. “बाईंनी बरोबर केलं का, मला अजून कळलं न्हाई.” मी म्हटलं, मलाही. तो म्हणाला, “मग ठीक हाय.”

गेल्या रविवारी कॉलेजनं त्यांच्या आठवणीसाठी जुन्या आणि आताच्या मुलांचा सामना ठेवला. भाषणं नकोत असं मॅडमच्या यजमानांनीच, अण्णांनी, सांगितलं होतं. मैदान आता गुळगुळीत आहे, बोर्ड काचेचे. रवी येईल असं वाटलं नव्हतं, पण आला, नवे बूट घेऊन. आम्ही रेषेपाशी गेलो तर आताची पोरं ओळीत उभी होती आणि एकमेकांच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत होती. मी त्यांच्या कोचला विचारलं, हे काय? तो मॅडमचाच विद्यार्थी, आमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेला. “नाडी बघतात सर. सरावाच्या आधी आणि सामन्याच्या आधी. मॅडमची पद्धत. जराही वेगळं वाटलं तर त्या दिवशी त्यानं बसायचं, कुणी वाद घालायचा नाही.” कधीपासून, असं मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं, तो आला तेव्हा ही पद्धत होतीच. आमच्या वेळी नव्हती. आमचं वर्ष संपलं आणि आम्ही गेलो, त्यानंतर कधीतरी त्यांनी ती सुरू केली असणार, आणि आम्हाला कुणाला कधी सांगितलं नाही.

रवीनं हे सगळं ऐकलं. तो बुटाची नाडी बांधत राहिला. तो उठून रेषेपाशी आला तेव्हा आताच्या टीमचा कप्तान, हा आडदांड माणूस कोण हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, समोर येऊन म्हणाला, “पावणं, खेळणार हाय न्हवं? मग हात द्या आधी.”

रवीनं हात पुढे केला. पोरानं मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागला. त्याचे ओठ हलत होते. वेळ लागत होता. कुणी घाई केली नाही. रवी त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या बोर्डाकडे बघत उभा होता, अगदी न हलता.

“चालतंय,” पोरगा म्हणाला आणि त्याचा हात सोडला. “या आत.”