मुठीपर्यंत गेलेली छत्री

दुसऱ्याच्या घरात शिरताना वहाणा काढाव्यात, एवढं वळण मला होतं. छत्री मात्र मी सवयीनं जमिनीत रोवली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. कारण ती जमीन नव्हतीच. भोपळेकाकांचं घर तलावावर तरंगत होतं.

जाफराबादच्या बाजूचा हा तलाव झाला तेव्हा भोयांची वस्ती बुडाली. बाकीचे टेकाडावर गेले; काका आणि त्यांचे दोन भाऊ पाण्यावरच राहिले. पाणकणसाच्या, म्हणजे काठच्या उंच पाणगवताच्या, पेंढ्या दोरानं आवळायच्या, खाली वाळके भोपळे बांधायचे, वर खोपट. मतदारयादीसाठी तहसिलीनं तिथं मला धाडलं होतं. म्हणजे शहरात, मस्तगडात वाढलेल्या, बादलीतल्या पाण्यालाही बिचकणाऱ्या कारकुनाला.

दर पंधरवड्याला काका नव्या पेंढ्या अंथरत. खालच्या सडतात त्याचं काय, मी विचारलं.

"सडू द्या की साहेब. आपुन वरून घालत राह्यचं. म्हून तर घर जुनं होत न्हाई."

मी मान डोलावली आणि छत्री उपसायला दोन्ही हातांनी जोर लावला. तिच्या काड्या आत अडकल्या होत्या. छत्री निघाली नाही, पेंढ्यांचा दोर तुटला. खाटेएवढा तुकडा मला घेऊन निघाला.

वारा सांडव्याकडे होता. तिथून पाणी कोसळल्याचा आवाज येत होता. पेंढ्यांतून पाणी वर आलं, घोट्यापर्यंत. धरायला काही नव्हतं, म्हणून ज्या छत्रीनं घात केला तिच्याच मुठीला मिठी मारली. मतदारयादी कधीच पाण्यात गेली होती. पोहता येत नाही हे बायकोला लग्नाआधी सांगितलं नव्हतं, ते आठवलं.

काका पोटाला भोपळा बांधून, दातांत दोर धरून येत होते. घाई बिलकुल नव्हती.

"बसा. उभ्या मान्साला पानी लई खोल दिसतं."

मी बसलो. तुकडा डुलायचा थांबला. काकांनी दोर छत्रीच्या मुठीला बांधला. "आता ही उपसू नका," एवढंच म्हणाले. पलीकडून भावांनी ओढून घेतलं. फाटलेलं घर जोडताना त्यांनी त्या छत्रीचीच खुंटी केली. मी माफी मागितली तर काका म्हणाले, "खुंटी पायजेच व्हती."

पुढं बदल्या झाल्या. जिथं जिथं पायाखालचं हललं, तिथं मी आधी बसून घेतलं.

एका उन्हाळ्यात तलाव आटला. काकांचं तरंगतं घर चिखलावर बसलं आणि मोडलं. काका त्याआधीच गेले होते. त्यांचा मुलगा मस्तगडला घर शोधत आला. हातात छत्री होती, काड्यांत पाणकणसाचे धागे. "बा म्हनला व्हता, साहेबाची हाय, नेऊन दे."

बायको हा प्रसंग वर्षानुवर्षं हसत ऐकत आली होती. तिनं छत्री घेतली, धागे तसेच ठेवले. मी ती कोपऱ्यात उभी करायला गेलो तर माझ्या हातून काढून खिळ्याला अडकवली.

"टेकवू नका हो," ती म्हणाली. "खाली कुणाचं घर असतं."