बारा वर्षांचा साडू

माझ्या साडूला डॉक्टरांनी फसवलं. एकाने नाही, पेणपासून मुंबईपर्यंत जेवढे भेटले तेवढ्या सगळ्यांनी. आणि फसवलं कोणाला, तर ज्याला काहीच सोसत नाही आणि तरी ज्याच्याइतका सोशिक माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नाही, त्याला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. साडू पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. हात असा, की मूर्ती नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसावी. पण मूर्तीवर पॉलिशपेपर घासायला लागले की हा दात आवळून मागच्या पडवीत, आणि आरतीला झांज वाजली की परसात. गणपती रंगवणारा गणपतीलाच पाठ दाखवतो, म्हणून गल्लीने त्याला नास्तिक ठरवला होता. नवा सदरा बायकोने धुऊन धुऊन जुना केल्याशिवाय अंगाला लावायचा नाही. माझ्याकडे रोह्याला येताना एसटीत तोंडावर रुमाल टाकून बसायचा, घरी न्यायच्या मूर्तीसारखा. एकदा शेजारच्या म्हातारीने सवयीने हात जोडले होते. माझं दुकान भंगाराचं, हातगाडीपासून स्वतःच्या जिवावर उभं केलेलं. तिथे पत्रा आपटला की हा थेट कुंडलिका नदीच्या काठावर. मी भडकायचो, "साडूभाऊ, ती माझी लक्ष्मी वाजते! तुम्हाला काय टोचतं?"

"टोचतंच, शेठ. खरंच टोचतं."

लेकीचं लग्न ठरलं आणि त्याची झोप उडाली. बेंजो वाजणार, अंगावर अक्षता पडणार आणि बाप मांडवातून पळणार. "लोक म्हणतील, बापाला पोरगी नकोशी झालीय," तो म्हणाला. "एका डॉक्टरने नुसतं सांगूदे, की हे हाय, नाटक नाय. मग पळालो तरी पोरीला समजेल."

निघालो दोघे. कानाच्या डॉक्टरने कान उत्तम असल्याचं सांगितलं. "उत्तम हायत हेच तर दुखणं हाय!" मी ओरडलो. कातडीच्या डॉक्टरने मलम दिलं. ते चिकट, म्हणून साडू दिवसभर पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यासारखा हात पसरून उभा. तिसऱ्याने मनाला लावून घेऊ नका म्हणून सांगितलं. शेवटी कुणीतरी मुंबईच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. तिथे भिंतीवर हत्ती नि ससे, आणि खुर्च्या एवढ्याशा. साडू गुडघे छातीशी घेऊन बसला. बाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "अशी मुलं आम्ही रोज बघतो." साडूचा चेहरा उजळला. "पण बारा वर्षांपर्यंतचीच. मोठ्यांचं निदान आम्ही करत नाही."

मी भाव करणारा माणूस. "बाई, तुम्ही बारा म्हणताय, हे पंचेचाळीस. मधे कुठंतरी तोडा ना!"

बाई हसल्या. साडू हसला नाही. उठताना त्याने ती छोटी खुर्ची अलगद, जराही आवाज न करता जागेवर सरकवली.

लग्नात बेंजोवाल्याला मी म्हणालो, "सुपारी पुरी घे, पण मांडवात वाजवायचं नाय." जन्मात पहिल्यांदा पूर्ण भाव देऊन मी माल घेतला नाही. अक्षतांऐवजी पाकळ्या वाटल्या. वऱ्हाडातलं कुणीतरी कुजबुजलं, "लगीन हाय का मयत?" मी नुसतं वळून बघितलं. साडू शेवटपर्यंत उभा होता, घामाने निथळत. पाया पडताना पोरीने हळूच विचारलं, "बाबा, तरास होतोय?"

"व्हय," तो म्हणाला. "पण हाय मी इथं."

आता त्याचे केस पिकलेत. अजून भेटला की विचारतो, "शेठ, त्या बाई आता मोठ्यांना बघत असतील का वो?" बारा वर्षं भरली की माणसाचे कान, माणसाची कातडी बदलून मिळते का? नसेल मिळत, तर त्याने कुणाच्या दारात जायचं होतं? ज्या कुणाकडे याचं उत्तर असेल त्याने रोह्याला माझ्या दुकानात येऊन ते द्यावं. साडूलाही बोलावून घेईन. त्या दिवशी पत्रा वाजणार नाही.