दोन बरण्या आणि एक नाक

सदाहरित जंगलात झाडाची पानं हाताला लागत नाहीत. म्हणून आम्ही बुंध्याला सुरीने लहानशी खाच देतो, आतली साल आणि चीक बघतो, मग नाक लावतो. अर्धी ओळख तिथेच पटते. फांदी स्पिरिटात भिजवून कागदात दाबून वाळवली की वास मरतो. मग उरतात वाळकी पानं आणि त्यांच्यावरून भांडणारी माणसं.

हे मला ज्यांनी शिकवलं, तेच माझ्या झाडाच्या मुळावर उठले.

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला मला सापडलेलं झाड दिसायला एका जुन्या जातीसारखंच. पान तेच, फुलात किरकोळ फरक. पण खाच दिली की कैरीवर घासलेट ओतल्यासारखा वास अंगावर येतो. जुन्या जातीच्या सालीला वासच नाही. नवी जात म्हणून मी वनस्पतिशास्त्राच्या मासिकाला निबंध पाठवला, सोबत ताजी सालही. मासिकाने दोन्ही एका तज्ज्ञाकडे धाडलं. उत्तर आलं : ‘ताजी साल तपासली. वासात फरक नाही. जात एकच.’ तज्ज्ञाचं नाव झाकलं होतं, पण असली तुटक वाक्यं मी विद्यार्थिनी असताना रोज ऐकली होती. ते माझे सर होते.

माझी आई सावनेरच्या बाजारात भाजी विकायची. कोणी न हुंगताच मालाला नावं ठेवली, तर ती जुडी त्याच्या नाकाखाली धरायची. मी पुन्हा जंगलात गेले. दोन्ही झाडांची साल ओल्या शेवाळात गुंडाळून दोन बरण्यांत बंद केली आणि न कळवता बेसा वस्तीतल्या सरांच्या नव्या घरी धडकले.

“इथं भाजीबाजार नाही भरत,” सर दारातच म्हणाले. “भाव करून जात ठरत नसते.”

“मग काय पाहुणचाराले आली मी? हुंगा अन् सांगा.”

त्यांनी पहिली बरणी हुंगली, झाकण लावलं. दुसरी उघडून तिच्यात जवळजवळ नाक बुडवलं. डोळे मिटले, मान हलवली. वर्गात साल हुंगताना सर असंच करायचे, ते आठवलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“दोन्ही सारख्याच,” ते म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. “अजी, घासलेट सांडलं का तिकडं? काय भपकारा येऊन राहिला!”

सरांनी डोळे उघडले. पदर नाकाला लावून काकू बाहेर आल्या. सरांच्या हातातली बरणी बघून मला म्हणाल्या, “हे हुंगाले ह्यायले काहून दिलं वं, बाई? परवा दूध जळून कोळसा झालं, हे बाजूले बसून पेपर वाचून राहिले होते. दोन वर्षं झाली, वासच नाही येत ह्यायले.”

त्या खिडक्या उघडायला गेल्या.

“धंतोलीचा डॉक्टर म्हणतो, आता नाही येणार,” सर म्हणाले.

मला दया यायला हवी होती. आली नाही.

“मग ‘तपासली’ काहून लिहिलं?”

“तर काय लिहू? झाडवाल्याचं नाक गेलं म्हणून गावभर सांगत फिरू?”

“गावाले नका सांगू. मासिकाले सांगा.”

ते घासाघीस करू लागले. “फरक असू शकतो, असं कळवतो.”

“असू शकतो नाही. वास तपासता आला नाही, मत मागं घेतो. एवढंच.”

“तब्येतीमुळं?”

“तब्येतीमुळं लिहा. पण आत्ता, माझ्यासमोर.”

त्यांनी मोबाइलवर दोन ओळी टाइप करून पाठवल्या. मी त्या वाचूनच उठले. निबंध आता दुसऱ्या कोणाकडे जाईल, ज्याचं नाक शाबूत आहे. झाड वेगळं ठरेल, यात मला शंका नाही.

बरण्या पिशवीत भरत होते, तेव्हा सर हळूच म्हणाले, “सांग तरी वं, वास कसा येते?”

मी निबंधात ते अख्खं लिहिलं होतं. त्यांनी तोही नीट वाचला नव्हता.

“काकूंना विचारा,” मी म्हटलं आणि चपला घातल्या.