झावळी टांगलेली होडी

जेद्दाच्या इंडियन शाळेत मी अठरा वर्षं भूगोल शिकवते. ज्या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही, तिथे मुलांना त्रिभुज प्रदेश समजावते. "टीचर, आपने डेल्टा सच में देखा है?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. माझा नवरा सुधीर म्हणायचा, "यंदा मेकाँगला जाऊच." गेल्या वर्षी सुधीरच वारला. या हिवाळी सुट्टीत मी एकटीच निघाले.

विमानतळावर सोडायला फरीदा आली. ती आमच्या शाळेत गणित शिकवते. माहेर रत्नागिरीचं, माझ्यासारखंच. बॅग उतरवताना तिने विचारलं, "गाडीचं काय ठरवलंस गो?"

सुधीरची गाडी वर्षभर कापडाखाली उभी होती. कागद माझ्या नावावर झालेले, मला चालवता येत नाही, आणि फरीदाला ती हवी होती.

"आल्यावर सांगते."

"आधी ईदनंतर, मग निकालानंतर, आता आल्यावर. जा, खलास!"

हो ची मिन्ह शहरातून बसने चार तासांनी कॅन थो आलं आणि मी खिडकीला नाक लावलं. केवढी नदी! ही हाउ, मेकाँगच्या दोन मोठ्या फाट्यांपैकी एक. ख्मेर इथे आधीपासूनचे. मग व्हिएतनामी शेतकरी आले, चिनी व्यापारी आले, कालवे खणणारे फ्रेंच आले. सगळ्यांची वाट पाण्याचीच. संध्याकाळी घाटावर बसून जलपर्णीचे पुंजके समुद्राकडे जाताना पाहिले. सकाळी तेच पुंजके उलटे, वर चाललेले! भरतीचं पाणी इतक्या आत येतं हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय; पण डोळ्यांसमोर नदी मागे वळली तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या.

पहाटे लान नावाच्या बाईच्या होडीतून तरंगता बाजार पाहायला गेले. तिचं इंग्रजी मोडकं, माझ्या कानाला पुरेसं. प्रत्येक होडीवर 'बेओ' (माल टांगायचा उंच बांबू) उभा. त्यावर अननस तर आत अननस, भोपळा तर आत भोपळा.

"आणि तो शर्ट?" मी विचारलं.

"तो विकत नाहीत. वाळत घातलाय!" लान खदखदून हसली.

एका होडीवरून 'हू तिएव' (तांदळाच्या शेवयांचं सूप) घेतलं. शेजारून मोटारबोट गेली आणि अर्धं सूप माझ्या मांडीवर आलं. उरलेलं अप्रतिम होतं.

तेवढ्यात एका बांबूवर नुसती नारळाची झावळी दिसली. झावळी म्हणजे आमच्याकडे मांडव! मी आनंदाने म्हणाले, "लग्न आहे का हो त्यांच्याकडे?"

लान हसली नाही. "झावळी म्हणजे होडीच विकायची आहे."

त्या होडीत माझ्याच वयाची बाई कांदे निवडत होती. लानने माझा प्रश्न तिला सांगितला, आणि ती मात्र मोठ्याने हसली. मग बोलू लागली. लान सांगत गेली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. आता रस्ते झाले, माल ट्रकने जातो, मुलगी शहरात बोलावते.

"मग गिऱ्हाईक मिळत नाही?"

"मिळतं की. पण कुणी जवळ यायला लागलं की हीच झावळी उतरवते. तीनदा उतरवली. ही चौथी."

मी न राहवून गाडीचं सांगितलं. बाईने नीट ऐकलं, आणि हातातला कांदा माझ्याकडे रोखून काहीतरी विचारलं.

"ती म्हणते," लान म्हणाली, "तुझी झावळी कुठाय?"

निघताना तिने मला तो कांदा दिला.

जेद्दाला परतले त्या दुपारी आमच्या इमारतीचा माळी खजुराची झाडं छाटत होता. एक झावळी मागून घेतली. गाडीवरचं कापड काढलं, धूळ पुसली, झावळी आरशाला बांधली आणि फरीदाला फोन केला.

ती आली, गाडीभोवती एक फेरी मारली. "हे काय गो? गाडीचं लगीन काढलंस काय?"

नदीवर मी हेच विचारलं होतं. मी चावी तिच्या हातावर ठेवली. ती झावळीची गाठ सोडायला सुरीच शोधायला लागली. मी आपसूक पुढे झाले, गाठीपर्यंत बोटं नेली, आणि मागे घेतली.

"तूच सोड, फरीदा," मी म्हणाले. "तीनदा तुला टाळलंय. ही माझ्या हाताने उतरली, तर चौथी लावावी लागेल."