भावोजींचा चष्मा आणि ‘दिल का ताला’

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४. सकाळी धुरकट. पाण्याचा टँकर आला नाही. बाई आली, पण दळण आणायला विसरली. भावोजी अकराच्या सुमारास आले, चहा दोनदा घेतला. त्यांना ‘दिल का ताला’वाल्यांचा फोन आला आहे. शुक्रवारी नोएडाला बोलावलं आहे.

हेमलताबाईंनी एवढंच लिहिलं आणि पेनला टोपण लावलं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेट यांनी मुलींना रोजनिशीची सवय लावली, तेव्हाच बजावलं होतं की जे घडलं ते लिहा. जे वाटलं ते देवाला सांगा, त्याला वेळ असतो. हेमलताबाईंनी हा नियम कुमारिका, सौभाग्यवती आणि विधवा अशा तिन्ही अवस्थांत पाळला. त्या दिवशी मात्र देवालाही कान झाकून घ्यावे लागले असते.

‘दिल का ताला’ हा दूरदर्शन संचावरचा एक खेळ. आठवड्यातून तीनदा, ऐन जेवणाच्या वेळी. सामान्य ज्ञानाचा एक सोपा प्रश्न विचारतात, मग खरा कार्यक्रम सुरू होतो: लकी सलूजा नावाचा तो चकचकीत कोट घातलेला इसम स्पर्धकाच्या अगदी जवळ जातो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “अब दिल का ताला खोलिए.” मग बाई नवऱ्याचं व्यसन सांगते, म्हातारा मुलाने घराबाहेर काढल्याचं सांगतो, बासरी वाजते आणि लकी सलूजा स्वतःच्या डोळ्याला रुमाल लावतो. तो रुमाल त्याच्या कोटाला शोभेल अशाच रंगाचा असतो. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत निम्म्या घरांतून त्या वेळी तीच बासरी ऐकू यायची. शिकलीसवरलेली, सचिवालयात फायली हलवून निवृत्त झालेली माणसं पोळीचा घास हातात धरून परक्याचं रडणं बघत बसायची. हेमलताबाई त्यांना मनात ‘श्राद्धाचे कावळे’ म्हणत.

आणि या खेळात पहिल्यांदा उभे राहिले होते त्यांचे दीर, बळवंत खांबेटे.

ते असं झालं. बळवंतराव केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. कामात यथातथाच. पण तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा घ्यायला उभे राहिले की माणूस बदलून जायचा. प्रश्न विचारून झाला की ते चष्मा काढत, खिशातला पांढरा रुमाल काढत आणि काचा पुसत बसत. म्हणत, “चष्म्याशिवाय मला समोरचा खांबसुद्धा दिसत नाही. तेव्हा सावकाश आठव. कोणी बघत नाही.” उत्तर येईपर्यंत पुसणं चालूच. घाबरट पोरंसुद्धा त्यांच्यासमोर बोलायची. चुकलेल्याचा लाल झालेला चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नाही. न बघायचा त्यांनी रिवाजच पाडला होता.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी नोएडाच्या एका कंपनीतल्या कुणीतरी हे मंडळात पाहिलं आणि नमुन्याचा एक भाग करायला त्यांना बोलावलं. तेव्हा खेळाचं नाव नुसतं ‘ताला-चाबी’ होतं. पाच कुलुपं, पाच प्रश्न. हेमलताबाई आणि त्यांचे यजमान सुधन्वा दोघंही बघायला गेले होते. बळवंतरावांनी प्रश्न विचारला आणि चष्मा काढला. दिग्दर्शक ओरडला, “सर, आय कॉन्टॅक्ट!” पुन्हा प्रश्न, पुन्हा चष्मा. दुपारपर्यंत हेच. शेवटी चष्मा काढून घेतला, तर बळवंतराव रिकामा हात नाकाशी नेऊन हवाच पुसू लागले. पुढच्या आठवड्यात लकी सलूजा आला, त्याने कुलूप दारावरून काढून माणसांच्या छातीवर बसवलं आणि तो श्रीमंत झाला.

तेव्हापासून मंडळात दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच, “खांबेटे असते ना, तर कार्यक्रमाचा दर्जाच वेगळा असता!” बळवंतराव मान खाली घालून हसत. हेमलताबाईंचं मत सरळ होतं: भावोजी असते तर कार्यक्रम तीन महिन्यांत बंद पडला असता. सभ्यपणा बघायला रात्री जेवताना कोण बसतं? आणि असं म्हणणारी हीच मंडळी घरी जाऊन लकीची बासरी लावत.

आता त्याच कंपनीला कसलासा सोहळा करायचा होता आणि त्यासाठी ‘पहिले सूत्रसंचालक’ हवे होते.

“एक फेरी मी घेणार, वहिनी,” बळवंतराव दुसऱ्या चहाच्या वेळी म्हणाले होते. “जमली तर दर आठवड्याला एक. ‘दादाजी की चाबी’. नावसुद्धा ठरलंय.”

“शहात्तराव्या वर्षी?”

“आवाज अजून आहे माझा.”

“आणि त्या बदल्यात काय मागितलंय त्यांनी?”

बळवंतराव जरा घुटमळले. “वासंतीचा फोटो न्यायचाय. आणि ती फोनवरची मुलगी विचारत होती, की आंटीजींचे शेवटचे शब्द काय होते.”

वासंती म्हणजे त्यांची बायको, हेमलताबाईंची जाऊ. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

“‘गीझर बंद केलात का,’” हेमलताबाई म्हणाल्या. “मी होते तिथे. सांगा त्यांना. लावू दे त्यावर बासरी.”

“तुम्ही ना वहिनी, चांगल्या कशाला म्हणून चांगलं म्हणणार नाही.”

“दाखवा चांगलं, म्हणते.”

तरी त्या बरोबर गेल्या. एकट्याला सोडलं तर हा माणूस फोटोबरोबर स्वतःलाही तिथे ठेवून येईल, अशी त्यांना खात्री होती.

स्टुडिओतल्या थांबायच्या खोलीत एसीचा गारठा आणि कागदी कपातला गोड चहा होता. बळवंतरावांच्या गालांना कोणीतरी गुलाबी पावडर लावून गेलं होतं. ते आरशात तिरके बघत होते. समोर एक मुलगी बसली होती, नखं कुरतडत. दोघांचं मराठी ऐकून तिने मान वर केली.

“आजी, तुम्ही मराठी? मी हिंगोलीची. क्षिप्रा शिरसाट. मुनिरक्यात राहते.”

“यूपीएससीच्या परीक्षेवाली?”

“होते,” ती म्हणाली आणि हसायचा प्रयत्न करून थांबली. मग, परक्या गावी आपली भाषा ऐकली की होतं तसं, सगळं भडाभडा बाहेर आलं. तिने मार्चमध्येच परीक्षा सोडली होती. एका क्लासमध्ये पेपर तपासत होती. घरी ठाऊक नव्हतं. “बाबा एसटीच्या डेपोत आहेत. सगळ्या डेपोला सांगून ठेवलंय, पोरगी कलेक्टर होणार. दिवाळीला घरी जाऊन समोर बसून सांगणार आहे. फोनवर नाही सांगणार. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं ना, तर माझं तोंड बघणार नाहीत.”

“इथे कुणाला बोललीस का?”

“त्या रिसर्चवाल्या दीदीला. सहज विषय निघाला. पण ते नाही विचारणार म्हणाली. प्रॉमिस केलंय.”

हेमलताबाईंनी बळवंतरावांकडे पाहिलं. ते भांग नीट करत होते, पण ऐकत होते.

चित्रीकरण सुरू झालं तेव्हा हेमलताबाईंना प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसवलं. शेजारी सफारी घातलेले एक गृहस्थ होते. गुडघ्यावर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. लकी सलूजा उड्या मारत आला तेव्हा ते पुटपुटले, “लई झगझग करतंय.” हेमलताबाईंना पहिल्यांदाच त्या जागी अक्कलवान माणूस भेटला.

“तुम्ही महाराष्ट्रातले का?”

“हिंगोली. दामू शिरसाट.” त्यांनी आवाज खाली आणला. “माझी पोरगी यायची आहे वर. तिला म्हाईत नाही मी आलोय. विमानानं आणलं यांनी. म्हणाले, सरप्राइज आहे, लपून बसा.”

हेमलताबाईंना रिसर्चवाल्या दीदीचं ‘प्रॉमिस’ आठवलं. त्या उठू लागल्या, तर कानाला यंत्र लावलेल्या एका पोराने खांदा दाबून बसवलं. “आंटी, रोल हो रहा है.”

मंचावर आधी बळवंतरावांची मिरवणूक झाली. मोठ्या पडद्यावर वासंतीचा फोटो, बासरी. लकीने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. “आंटीजी होतीं तो आज क्या कहतीं, अंकलजी?”

“यही, कि गीझर बंद किया या नहीं.”

प्रेक्षक हसले. लकीला ते आवडलं नाही. त्याला तिथे रडणं हवं होतं. पण त्याने हात झटकून गाडी पुढे नेली. “तो आज एक राउंड अंकलजी की! बीच में मैं नहीं बोलूँगा, प्रॉमिस!” असं म्हणून तो बाजूला झाला. क्षिप्रा आली. बळवंतरावांच्या हातात कार्ड दिलं गेलं.

हेमलताबाईंना कार्ड दिसत नव्हतं, पण दिराचा चेहरा दिसत होता. त्यांनी ते वाचलं आणि त्यांचे ओठ गुलाबी पावडरीखाली पांढरे पडले. कोपऱ्यात एक कॅमेरा वळून थेट तिसऱ्या रांगेतल्या सफारीवर रोखला गेला. आता काय विचारायचं होतं, ते कुणी सांगायची गरज नव्हती. ‘बेटी, पापा से क्या छुपाया है?’ मग दिवे, मग बाप उभा, मग बासरी.

बळवंतरावांनी वर पाहिलं. ज्या जागेचं त्यांनी सोळा-सतरा वर्षं स्वप्न पाहिलं, ती त्यांच्या पायाखाली होती. एक वाक्य वाचलं की दर आठवड्याला ‘दादाजी की चाबी’. हेमलताबाईंच्या मनात आलं, वाचणार हा. माणूस कौतुकाचा भुकेला आहे, वाचणार.

त्यांनी चष्मा काढला.

खिशातून पांढरा रुमाल काढला आणि काचा पुसू लागले.

“अंकलजी, कार्ड!” लकी बाजूने हळूच म्हणाला.

“बेटा, चश्मे के बिना मुझे खंभा भी नहीं दिखता. कार्ड क्या दिखेगा?” आणि मंडळाच्या त्या जुन्या, भरदार आवाजात ते क्षिप्राला म्हणाले, “बेटी, सवाल मैं मुँहज़बानी पूछता हूँ. दिल्ली के रिज पर एक बड़ा अस्पताल है. ग्वालियर से आए हुए किस आदमी के नाम पर है?”

दर गणेशोत्सवात हाच प्रश्न. मंडळात तो विचारला की पोरं आधीच ओरडायची आणि मागच्या रांगेत जांभया यायच्या.

क्षिप्रा गोंधळली. कुठला तरी भलताच घाव येणार म्हणून ती अंग चोरून उभी होती.

“सावकाश आठव,” ते मराठीत म्हणाले. “कोणी बघत नाही.”

मग शांतता झाली. त्या स्टुडिओत तशी शांतता कधी झाली नसेल. बासरीवाल्याला कळेना काय वाजवावं. दिग्दर्शक काचेमागून हातवारे करत होता, आणि बळवंतराव खाली मान घालून एकच काच पुसत होते. दामू शिरसाटांनी पिशवीवरची बोटं घट्ट केली. “येतंय तिला,” ते पुटपुटले. “येतंय.”

“हिंदूराव,” क्षिप्रा म्हणाली.

“बरोबर! ताला खुल गया.” बळवंतरावांनी चष्मा लावला, टेबलावरची सोनेरी चावी तिच्या मुठीत कोंबली आणि मंडळात पेढा देऊन पोराला खाली पाठवायचे तसं तिचा दंड धरून तिला थेट मंचावरून खाली आणलं. लकी “एक मिनट, एक मिनट” करत पुढे झाला, तर तिथे स्पर्धकच नव्हता.

“चला उठा,” हेमलताबाई शिरसाटांना म्हणाल्या. “सरप्राइज झालं. पोरगी बाहेर आहे.” या वेळी त्यांनी कानयंत्रवाल्या पोराचा हात खांद्यावरून असा काढला, जशी जेवणातली माशी काढतात.

बापलेक फाटकाशी भेटले. मागून दोघं-तिघं “रीटेक, रीटेक” करत धावत आले. क्षिप्राने बापाची पिशवी छातीशी धरली आणि नाही म्हणाली. बळवंतरावांना कोणी रीटेक विचारलाच नाही. ‘दादाजी की चाबी’ही पुन्हा कोणी काढली नाही. परतीच्या टॅक्सीत ते गालावरची पावडर पुसत बसले होते. हेमलताबाईंना बरं काही बोलायचं होतं, पण तशी सवय नव्हती.

“प्रश्न जुनाच होता,” त्या म्हणाल्या.

“हो ना,” बळवंतराव म्हणाले.

दिवाळीनंतर क्षिप्राचा फोन आला. “आजी, सांगितलं. दिवसभर बोलले नाहीत. रात्री विचारलं, ‘तिथं जेवायचं काय करतेस?’”

पुढच्या रविवारी, दहा नोव्हेंबरला, तो भाग दाखवला. बळवंतराव हेमलताबाईंकडेच बसले होते. क्षिप्रा त्यात नव्हतीच. प्रश्न नव्हता, शांतता नव्हती, हिंदूराव नव्हता. पडद्यावर वासंतीचा फोटो आला, गीझर कापलेला होता, आणि लगेच बळवंतराव चष्मा काढून रुमाल चालवताना दिसले. बासरी वाजली. खाली अक्षरं उमटली: ‘दादाजी टूट गए’. लकीने जुळत्या रंगाचा रुमाल डोळ्याला लावला.

दहाच मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरची उत्तरा धावत आली. तिचे डोळे खरोखर लाल होते. “काका! किती रडलात हो! मीसुद्धा यार, इतकी रडले. घरात सगळे रडले. वासंतीकाकूंवर केवढा जीव!”

“अगं, ते चष्मा पुसत होते!” हेमलताबाई कडाडल्या.

“बिल्कुल, काकू. पुसणारच ना, डोळे भरून आल्यावर.”

“डोळे नाही. काचा! तिथे एक मुलगी...”

“वहिनी,” बळवंतराव म्हणाले. एवढंच. मग उत्तराकडे वळून, मान खाली घालून, तेच जुनं हसू. “हो गं. जरा भरून आलं खरं.”

उत्तरा गेली ती जिन्यातून सगळ्यांना सांगत गेली. हेमलताबाईंनी टीव्ही बंद केला आणि वर सोफ्याचं कापड टाकलं. म्हाताऱ्याने आयुष्यात एकच धड गोष्ट केली, ती या लोकांनी कापून त्याचं रडं केलं; आणि तो बसलाय मुलीला झाकायला ते रडं अंगावर घेऊन. तो मूर्ख आहे की शहाणा, हे त्यांना ठरवता येईना. म्हणून त्यांनी बळवंतरावांना आणखी एक चहा दिला, साखर न विचारता.

ते गेल्यावर त्यांनी रोजनिशी उघडली. ‘लकी सलूजा हा’ इतकं लिहिलं, मग ते सरळ एक रेघ मारून खोडलं आणि खाली लिहिलं:

थंडी पडली. विरजण लागलं नाही. उद्यापासून दह्याचं भांडं जुन्या शालीत गुंडाळून ठेवायचं.