सुधाताईचा संशय

सुधाताई गेल्याचा फोन तिच्या भावाने केला, तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, "नक्की ना?" ...आणि फोन ठेवून मी दुसरीकडेही विचारून खात्री केली. तिला हे आवडलं असतं. ती आमच्या खापा गावातली शेजारीण, पुढे नागपुरात हाडांची डॉक्टर झाली. सीताबर्डीच्या बाजारात मोसंबी घेताना एक चाखल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, आणि पेशंट "बरं वाटतं" म्हणाला तर त्यावरही विश्वास ठेवायची नाही. मला तिच्या या स्वभावाचा वैताग यायचा.

माझ्या मुलीच्या, मीनलच्या मांडीवर गळू झालं, ते बसलं, आणि थोड्याच दिवसांत कमरेखाली एका बाजूला अशी कळ धरली की पाय टेकवेना. घरच्यांनी उसण ठरवली. आईने गल्लीतल्या पायाळू बाईला बोलावलंसुद्धा. जन्मताना जिचे पाय आधी आले तिची लाथ कमरेला लागली की उसण जाते, यावर आमच्याकडे कुणी शंका घेत नाही. बाई पाय उचलणार तोच सुधाताई आली. मीनलच्या कपाळाला हात लावून कडाडली, "उसणीनं ताप काहून येईन गा? खबरदार, पाय लावला तर!"

एक्स-रे साफ निघाला. मी निर्धास्त झालो, सुधाताई नाही. मीनलची टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून तिने मांडी हळूच खाली दाबली, तशी पोरगी किंचाळली. "एक्स-रेत इतक्या लवकर नाही दिसत," म्हणत तिने एमआरआय सांगितला. हिला रोग शोधायचाच आहे, असं मला वाटलं. पण कणा जिथे कमरेच्या रुंद हाडाला मिळतो, त्या सांध्यात पू निघाला. कुणी टीबी म्हणालं, गोळ्या सुरू करा म्हणालं. "अंदाजानं नाही," सुधाताई म्हणाली. रक्त आणि सुईने काढलेला पू तपासायला पाठवून मगच तिने शिरेतून औषध सुरू केलं. जंतू गळवातलाच निघाला, रक्तातून सांध्यात उतरलेला. पुढे कित्येक आठवडे गोळ्या. ताप उतरल्यावर मी त्या थांबवायचं म्हटलं, तर म्हणाली, "ताप गेला म्हणजे जंतू गेला, हे तुले कोणी सांगतलं?"

तिच्या भावाने नंतर सांगितलं, त्या दिवशी सुधाताईच्या छातीत जळजळत होतं. पित्त आहे म्हणाली, थंड दूध पिऊन आडवी झाली; तो हार्ट अटॅक होता. जगावर संशय घेणारी ही बाई स्वतःच्या वेळी पहिल्याच उत्तरावर विसंबली! मला तिचा भयंकर राग येतो...

मीनल आता जिना धडाधड उतरते. एखादं पाऊल हलकं पडतंय का, म्हणून मी कान देऊन ऐकतो. "बाबा, मी बरी आहे," ती चिडून म्हणते. असेलही. पण सुधाताईने एवढ्यावर सोडलं नसतं.